टेबल भिंतीला लावणाऱ्या सुधाताई

सुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या कोर्टाबाहेर माझ्या अशिलाला बजावत होतो, "तुम्ही काही बोलू नका, मी बोलतो." दीड महिना झाला, तरी ते वाक्य मला टोचतं… ताईंनी आयुष्यभर नेमकं याच्या उलट केलं.

मुलुंडला राहत्या घरातच त्यांची वकिलीची खोली होती. कायदा शिकताना त्यांना अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या न्यायालयांनी वेड लावलं. तिथे आजही छापील कायद्याबरोबर पूर्वजांचा कायदा चालतो. न्यायाधीश भांडण एखाद्या जाणत्या माणसाकडे सोपवू शकतो; मग दोन्हीकडचे नातेवाईक एकत्र बसतात आणि ज्याला लागलं त्यालाच विचारतात, काय केलं म्हणजे तुझ्या मनात काही उरणार नाही? त्यांच्या हाताखालचे आम्ही ज्युनियर चिडवायचो, "ताई, आज मुलुंड की नावाहो?" त्या हसून चहात बिस्कीट बुडवायच्या.

पुढे मी स्वतःची वकिली थाटली, आणि बऱ्याच वर्षांनी मढचे दोन कोळी भाऊ आले. म्हणजे थोरला माझ्याकडे, धाकटा ताईंकडे. होडीवरून वाजलं होतं आणि धाकट्यानं थोरल्याचं जाळं कोयत्यानं कापलं होतं. माझी फिर्याद पक्की होती. ताईंचा फोन आला, "एक दिवस दे रे मला. त्यांच्या आईलाही आण."

गेलो तर टेबल भिंतीला सरकवलेलं, खुर्च्या गोल, आई दोघांच्या मधे. मी फाइल उघडली.

"बंद कर ती. तुला कुठे लागलंय?" ताई म्हणाल्या, आणि थोरल्याला नावाहोंचा तो प्रश्न विचारला, काय केलं म्हणजे तुझ्या मनात काही उरणार नाही?

त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग भावाकडे. कुणीही त्याला घाई केली नाही. शेवटी म्हणाला, "मना भरपाई नको. यानी माझे बाजूला बसाचा, आन जालं शिवाचा. सगल्यांच्या समोर."

धाकटा ढसाढसा रडला. वीस वर्षांच्या वकिलीत मी कुणाला हे विचारलंच नव्हतं. ती केस मी जिंकलो असतो आणि माझ्या अशिलाचा भाऊ घालवला असता. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ना," ताई चहा ओतत मला म्हणाल्या, "मग तू रोज कशाला चढतोस?"

परवा ताईंच्या मुलीनं खोली आवरायला बोलावलं. टेबल अजून भिंतीलाच होतं. "मधे घेऊया?" तिनं विचारलं. मला ते हलवायचं धाडस झालं नाही.

सोमवारी माझ्या ऑफिसातलं टेबल मी भिंतीला लावलं. अंधेरीच्या कोर्टाबाहेरचा तोच अशील आला आणि कुठे बसावं ते न कळून उभा राहिला. मी माझ्या शेजारची खुर्ची पुढे केली. म्हटलं, "आज तुम्ही बोला."