पुण्यतिथीला बंद दुकान

अकोल्यात मी ज्याच्याकडे कटिंग करून घेतो, तो म्हातारा पुढाऱ्यांना मनापासून शिव्या घालतो आणि प्रत्येक शिवीला कात्री हवेत दोनदा वाजवतो. तरी मारल्या गेलेल्या एका पंतप्रधानांच्या पुण्यतिथीला त्याचं दुकान न चुकता बंद असतं. पक्षवाल्यांनी निष्ठावंत म्हणून त्याला शाल दिली. थंडीत ती तो गिऱ्हाइकांच्या पायांवर टाकतो.

"काका, तुम्ही दुकान काहून बंद ठेवता?" मी एकदा विचारलं.

कात्री थांबली.

"त्या दिवसानंतर कात्री धरवत नाही त्या तारखेले. मारनारे सरदार होते, म्हनून इथंही पोट्टे दगडं घेऊन सरदारच शोधून राहिले होते. एक ट्रकवाला पळत दुकानात घुसला. पगडी सोडली अन् म्हने, 'काट दे भाई.' दाढी, केस, सारं काढलं मी. तो डोये मिटून रडे, आरशात पाहेच ना. भानगड दिल्लीची, अन् कटिंग कोनाची, सांगा!"

"वाचला का तो?"

"वाचला ना. दोन वर्सांनी मुद्दाम आला. डोक्यावर पगडी, छातीवर दाढी! मी तं वयखलंच नाही. म्हने, 'देख ले, सब वापस आ गया.'"

म्हातारा आरशात पाहून हसला.

"इतक्या वर्सांत मी केलेलं काम पुरं बिघडलं, अन् मले आनंद झाला, असं तेवढंच एकदा झालं."