तिच्या व्हिडिओतली माझी आई

पालघरला एका जपानी ॲनिमेशन सिनेमाच्या दुपारच्या खेळाला आम्ही चारच माणसं होतो. तिकीट देणाऱ्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मॅडम, कार्टून आहे. जपानीत बोलतात, खाली इंग्लिशमध्ये लिहून येतं. नंतर पैसे परत मिळणार नाहीत."

आत एक निवृत्त काका होते. त्यांना पोस्टरवरून हा युद्धपट वाटला होता. फसलो म्हणून उठून जाणार होते, पण एसी चालू होता म्हणून बसले, आणि शेवटी रुमाल डोळ्यांना लावून बसलेले दिसले. एक बिहारकडचा ऑपरेटर होता, तारापूर एमआयडीसीत पाळी करणारा. खोलीवर मोबाईलमध्ये बघून बघून त्याला या सिनेमांची सगळी खानदानं पाठ होती. आणि चौथी ती. जवळच्या पाम गावची. कोळगावला जिल्हा मुख्यालयात कंत्राटावर कॉम्प्युटरवर बसायची. सिनेमा सुटल्यावर पायऱ्यांवर ती कुणालाही उद्देशून नाही अशी मोठ्यानं म्हणाली, "एवढा रडवतात आणि शेवटी कायच सांगत नाय. ह्याला काय अर्थ हाय?"

"सांगितलं की," मी म्हणाले. "ती खिडकी उघडते ना शेवटी."

"खिडकी उघडली म्हणजे काय सांगितला?"

मग आम्ही चौघं तिथेच उभ्यानं भांडलो, आणि भांडण संपेना म्हणून समोर चहाला गेलो. अशी आमची मंडळी जमली.

काकांकडे मोठा टीव्ही होता आणि घरात माणूस नव्हतं. रविवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे जमायचो. काकांचं पहिलं मत, की जपानी लोक डोळे एवढे मोठे काढतात हे त्यांना पटत नाही. ऑपरेटर म्हणायचा, "सर, आँखों में ही तो पूरी एक्टिंग है." तो हिंदी डबिंगचा कट्टर, मी मूळ आवाजाची. तिला मारामाऱ्यांच्या लांबलचक मालिका आवडायच्या, ज्यात हरलेला माणूस पुन्हा पुन्हा उठतो. मला संथ सिनेमे आवडायचे. आपल्या सिनेमात पाऊस पडला की गाणं सुरू होतं, यांच्यात पाऊस पडला की नुसता पाऊस पडतो, असं मी एकदा म्हणाले तेव्हा ती म्हणाली, "मग तो बघायला टीव्ही कशाला? बाहेर बस जाऊन." आम्ही सगळे खूप हसलो.

मी औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर नमुने आणि आकडे. घरी मी आणि पप्पा. पप्पा सांगलीकडून तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या कामाला आले आणि इथलेच झाले. सालवडला आमचं घर. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून आमच्या घरात गरजेपुरतं बोलणं होतं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, फक्त बोलणं कमी. त्यामुळे रविवारची ती बडबड मला किती हवी होती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

चौघांतून आम्ही दोघी वेगळ्या कधी झालो, ते सांगता येणार नाही. ती माझ्याकडे यायची, मी पामला जायचे. तिची आई ताडगोळे विकायची. मी गेले की चुलीवरची तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे ठेवायची, आणि जवळ बसून बघत राहायची. "खा गं. बाय माझी, किती सुकली." आईच्या वयाच्या बाईनं असं जवळ बसावं, हे मला नवीन होतं.

मग तिनं चॅनल काढलं. आपल्या बोलीत सिनेमांवर बोलायचं, अशी तिची कल्पना. मला ती फार आवडली. चिंचणीच्या किनाऱ्यावर वाऱ्यात फोन धरून तिचे पहिले व्हिडिओ मीच काढले. माझी बरीच मतं ती स्वतःची म्हणून बोलायची, पण त्याचं मला काही वाटायचं नाही. ते पावसाचं आणि गाण्याचं वाक्यही तिनं वापरलं, आणि माझ्यापेक्षा ते तिच्या तोंडी जास्त शोभलं. मतं काय, बोलायलाच असतात.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघींनी माझ्या घरी लॅपटॉपवर एक सिनेमा पाहिला. घाटातल्या गावात बस चालवणारा बाप आणि त्याची मुलगी. एका थांब्यावर कुणीच नसतं. बाप बस थांबवतो, दार उघडतो, थोडा वेळ तसाच बसतो आणि दार लावून निघतो. पूर्वी तिथून त्याची बायको चढायची. सिनेमात हे कुणी बोलून दाखवत नाही.

मला रडू आवरेना. तिनं सिनेमा थांबवला. "काय झाला? सांग ना."

मी सांगितलं. माझी आई एमआयडीसीत पॅकिंगला होती. तिची पाळी सुटायच्या वेळी पप्पा मला क्लासमधून घ्यायचे आणि मग आम्ही तिच्या गेटवर जायचो. तिघं एका स्कूटरवर घरी. आई आजारानं गेली. त्यानंतर त्या रस्त्याला वळायचं काही कारणच नव्हतं, पण पप्पा वळायचे. डावा इंडिकेटर लावायचे, गेटसमोर एक पाय टेकून थांबायचे. डब्याच्या पिशव्या घेतलेल्या बायका बाहेर पडायच्या. शेवटची बाई गेली की स्कूटर सुरू. इंडिकेटर बंद करायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही. घर येईपर्यंत तो टिकटिक करत असायचा. मी मागे बसून ऐकायचे. पप्पा, इंडिकेटर चालू आहे, एवढंच म्हणायचं असायचं, पण ते मला कधीच म्हणता आलं नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पप्पांशीही कधी बोलले नव्हते. तिनं माझा हात घट्ट धरला होता. कुणाला सांगू नकोस, असं मी तिला म्हणाले नाही. मैत्रिणीला हे वेगळं सांगावं लागतं, असं मला वाटलंच नाही.

काही महिन्यांनी कंपनीच्या कँटीनमध्ये लॅबमधलीच एक बाई डोळे पुसत माझ्याजवळ आली. "हे बघ गं. आपल्या बोईसरकडचीच मुलगी आहे. काय बोलते!"

फोनवर ती होती. त्या बसच्या सिनेमाबद्दल बोलत होती. चांगलं बोलत होती. आणि मग म्हणाली, "आता माझी गोष्ट सांगते. माझी आई कंपनीत कामाला व्हती."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग स्कूटर आली, गेट आलं, डब्याच्या पिशव्या आल्या. तिनं काही बदललं नव्हतं, फक्त माझे पप्पा तिचा बाप झाले होते. इंडिकेटरपाशी आल्यावर ती बोलायची थांबली. खाली बघितलं, ओठ आवळले. तिला सांगताना मी जिथे थांबले होते, अगदी तिथेच. माझं रडूसुद्धा तिनं उचललं होतं.

खाली लोकांनी लिहिलं होतं, ताई, आईला भावपूर्ण श्रद्धांजली. ताई, तू खंबीर आहेस. तिनं प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

"तुलाही रडू आलं ना?" लॅबमधली बाई म्हणाली. मी मान हलवली.

सुटल्यावर मी थेट पामला गेले. दारात तिची आई बसली होती, पुढ्यात टोपली. मला बघून उठली. "ये गं बाय. लय दिवसानं आली. भाकरी टाकू?" जिला सगळा महाराष्ट्र श्रद्धांजली वाहत होता ती बाई माझ्यासाठी पीठ घ्यायला आत गेली. तिच्याकडे बटणांचा फोन होता. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

तेवढ्यात माझी मैत्रीण मागच्या दारानं आली, आणि मला बघून तिचा चेहरा फुलला. हे मला सगळ्यात जास्त लागलं. ती घाबरली नाही. तिनं विचारलं, "बघितलास? कसा झाला?"

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

"हळू बोल. आय आत हाय."

"आत आहे ना? मग मेली म्हणून का सांगितलंस?"

ती मला अंगणाच्या टोकाला घेऊन गेली. "तुझा नाव घेतला असता तर तुला चालला असता काय? तू तर कोणालाच नाय सांगितला असतास. तसाच पडून राहिला असता आतमधे. आता किती लोकांना लागला, बघ तरी."

"मला विचारायचं होतंस."

"विचारला असता तर तू नाय बोलली असतीस."

"हो. नाही म्हणाले असते."

मग ती खाली बघत म्हणाली, "माझा बाप कोणासाठी थांबला नाय कधी. आमी लहान असताना निघून गेला, तो गेलाच. तू सांगत व्हतीस तेव्हा मला वाटला, एकदा माझा म्हणून बोलून बघावा. कसा वाटतो ते."

एक क्षण माझा राग ढिला पडला. ती पुढे काही बोलली नसती तर कदाचित मी तिला जवळही घेतलं असतं. पण तिनं फोन काढला आणि म्हणाली, "खाली तुझा नाव टाकू काय? मैत्रिणीचे आभार म्हणून?"

मी निघाले. तिची आई भाकरी घेऊन दारात आली होती. "न खाता चालली? काय झाला गं?" मी तिच्या पायाशी वाकले आणि रिक्षा पकडली.

पप्पांना हे कळणार नाही, असं मी धरून चालले होते. ते सिनेमे बघत नाहीत, फोनवर बातम्या तेवढ्या बघतात. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ते आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले.

"तुझी ती पामची मैत्रीण. तिची आई वारली काय?"

"नाही, पप्पा."

"मग ते आपलंच आहे."

"हो."

ते बुटांकडे बघत होते. "मी थांबायचो ते तुला कळत होतं?"

"मागेच तर बसायचे मी."

"मला वाटायचं, पोरगी लहान आहे, तिला काय कळतंय." मग म्हणाले, "इंडिकेटरचं सांगायचं की गं. बॅटरी उतरते." हसायला गेले, पण जमलं नाही. "कामावर एकानं सगळ्यांना दाखवलं. सगळे म्हणत होते, काय माणूस असेल तो. मीपण मान डोलावली. म्हटलं, होय, चांगला माणूस असेल."

मी रडायला लागले. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. उठले, बूट काढून जागेवर ठेवले आणि कुकर लावायला गेले.

त्यानंतर पप्पा संध्याकाळी लवकर घरी यायला लागले. थोडंच लवकर, पण रोज. पहिले काही दिवस माझ्या लक्षात आलं नाही. मग एकदम आलं. इतकी वर्षं, आई जाऊनही, ते अजून त्या गेटवरून येत होते. आता येत नव्हते. मी विचारलं नाही. त्यांची ती जागा आता सगळ्यांची झाली होती, आणि माझ्या मैत्रिणीपर्यंत ती पोचली होती माझ्याच तोंडून.

नंतरच्या एका रविवारी मी काकांकडे गेले. ती आली नव्हती. मी झालं ते सांगितलं. वाटलं होतं, निदान इथे कुणी चिडेल. काकांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, कलाकार माणूस कुठूनही उचलतो. तू हे कौतुक समज." ऑपरेटर खाली बघत होता. म्हणाला, "दीदी, गलत तो हुआ. पर वीडियो अच्छा बना है, ये भी सच है." तो खोटं बोलत नव्हता. व्हिडिओ चांगलाच होता. मीही तो पुन्हा पाहिला होता, आणि दर वेळी इंडिकेटरपाशी मला रडू येत होतं, तिच्या चेहऱ्याकडे बघून. माझीच गोष्ट मला तिच्याकडून ऐकावी लागत होती.

त्या रविवारी टीव्हीवर काय लावलं होतं, ते मला आठवत नाही. संपल्यावर काकांनी नेहमीप्रमाणे एकेकाला मत विचारलं. मी म्हणाले, चांगला होता. "चांगला म्हणजे? काय चांगलं?" काका अडून बसले. मी म्हणाले, चित्रं चांगली होती. मग मी तिथे जाणं सोडलं. तिनं मेसेज केले, मग फोन केले, मग तेही थांबले. व्हिडिओ आहे तिथेच आहे. तिला आता कार्यक्रमांना बोलावतात, असं ऑपरेटरनं एकदा बोईसर स्टेशनबाहेर भेटल्यावर सांगितलं.

मध्यंतरी पालघरला एक नवा सिनेमा लागला. या वेळी गर्दी होती, पोरापोरींनी थिएटर भरलं होतं. त्यातली किती तिच्यामुळे आली असतील, कोण जाणे. मध्यंतरात ती दिसली. भोवती चार-पाच जणी फोटो काढत होत्या. तिनं मला पाहिलं आणि गर्दीतून माझ्यापर्यंत आली. जरा बारीक झाली होती.

"आय विचारते तुला," ती म्हणाली.

"बरी आहे ना?"

"हाय बरी." मग तिला राहवलं नाही. "कसा वाटतो हा?"

"बघते अजून," मी म्हणाले.

सिनेमा संपल्यावर मी दुसऱ्या दारानं बाहेर पडले. त्या सिनेमात एक जागा आहे, दोन-तीन मिनिटांची, जी मला फार आतपर्यंत लागली. का लागली तेही मला माहीत आहे. घरी पप्पांनी विचारलं, कसा होता, तर त्यांना म्हटलं, ठीक होता. ती जागा कोणती, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. इथेही सांगणार नाही.