शकुबाई विहिरीवर काऊन गेलती?

हिंगणीची जयवंता सेवाग्रामजवळच्या एका आश्रमात स्वयंपाक करायची. १९९८ सालच्या हिवाळ्यात तिथं पोलंडची हान्ना सूतकताई शिकायला आली. तिकडं ती इतिहास शिकवायची. जुन्या काळच्या सरदार घराण्यांतल्या बायका कशा जगल्या, कशा मेल्या, हाच तिचा अभ्यास. भाजी निवडता निवडता ती मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांच्या गोष्टी सांगायची.

एका दुपारी तिनं लुडगार्डाची गोष्ट सांगितली. ही तिकडच्या एका राजाची बायको, मूलबाळ नव्हतं. सातशे वर्षांपूर्वी एक दिवस ती महालात मेलेली सापडली. नवऱ्यानंच दासींकडून गळा आवळवला, अशी लोकांत कुजबुज झाली. खरं काय ते कधीच कळलं नाही. पण लोक म्हणत, मरण्याआधी ती नवऱ्यापुढं रडली होती, 'अंगावरच्या एका कपड्यावर मला माहेरी जाऊ दे, फक्त मारू नको.'

जयवंताच्या हातातली मेथी खाली पडली. तिची थोरली बहीण शकुबाई तळेगावच्या मोठ्या घरात दिली होती. तिलाही मूल नव्हतं. आठ वर्षांपूर्वी शेवटच्या खेपेला माहेरी आली तेव्हा ती बापाला, नत्थूजीला, म्हणाली होती, "मले काईच नोको. नेसत्या लुगड्यावर ठेवून घ्या." नत्थूजीनं समजूत घालून तिला परत धाडलं. महिन्याभरात निरोप आला की पाणी काढताना पाय घसरून ती शेतातल्या विहिरीत पडली. रडारडीत कुणी विचारलंच नाही, की घरात नळ असताना त्या घरची सून शेतातल्या विहिरीवर कशाला गेली?

शकुबाईच्या नवऱ्यानं, महादेवरावानं, वर्षाच्या आत कमलाबाईशी लग्न केलं होतं. तिचीही कूस उजवली नव्हती, एवढं जयवंताच्या कानावर होतं. आता तिला चैन पडेना. बाजाराचं निमित्त करून ती तळेगावला गेली. कमलाबाई मागच्या अंगणात भांडी घासत होती. जयवंतानं ओळख सांगितली आणि बहिणीबद्दल विचारलं. कमलाबाईनं आधी दाराकडं पाहिलं, मग आवाज बारीक केला.

"मले तिचं काई माहीत नाई, बाई. पण आता आता सासू म्हणून राह्यली, देवाले विहिरीचंच पाणी लागते. सांजच्याले एकटीच जात जाजो म्हणते."

"गेली का तू?"

"आजपासून जायाचं हाय."

जयवंतानं तिचा राखेनं भरलेला हात धरला आणि मागच्या वाटेनं तिला सरळ बसस्टँडवर आणलं. बस यायची होती. तेवढ्यात महादेवराव फटफटीवर आला आणि कमलाबाईला घरी चल म्हणाला. जयवंता मधे उभी राहिली. चार लोक ऐकतील अशा आवाजात तिनं विचारलं,

"भाऊजी, माह्या बहिणीले विहिरीवर कोणं धाडलं होतं?"

त्याचा चेहरा उतरला.

"मी नाई धाडलं," तो म्हणाला. "मायले विचारा."

त्यानं पुन्हा कमलाबाईला हाक मारली नाही. बस आली, दोघी बसल्या.

पुढं पोलिसांत जाऊनही काही निघालं नाही. इतकी वर्षं झाली, पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. तीन-चार वर्षांनी सासू वारली, ती काही न बोलता. महादेवरावानं आईवर ढकललं, की खरंच त्याला माहीत नव्हतं, हे जयवंताला ठरवता आलं नाही. कमलाबाई आश्रमातच राहिली. आधी भांडी, मग पोळ्या, मग सगळी कोठी तिच्याकडं आली.

एक प्रश्न मात्र जयवंतानं घरातच विचारला. नत्थूजी तेव्हा खाटेला खिळला होता. त्याला दूध पाजता पाजता ती म्हणाली, "बाबा, शकुले परत धाडलं तवा तुमाले मनात काई वाटलं होतं का?"

म्हाताऱ्यानं पेला बाजूला सारला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवसापासून जयवंता त्याला दूध पाजत राहिली, पण त्याच्या खाटेवर बसली नाही.