मध्यंतरातला समझोता

पडद्यावरचा वकील सुधारला म्हणून रडणारा खरा वकील तुम्ही कधी जवळून पाहिलाय का? मी पाहिलाय, म्हणून पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास आला की मी अजून तिथून निघून जातो. नागपुरात मी ज्या वकीलसाहेबांकडे टायपिंग करायचो, ते एकदा आम्हाला सिनेमाला घेऊन गेले. पडद्यावरच्या वकिलाने भर कोर्टात लबाड मालकाची बाजू सोडली, तेव्हा साहेबांनी रुमालाने डोळे पुसले. मध्यंतरात त्यांचा फोन वाजला. कामठीच्या यंत्रमागावर उजव्या हाताची बोटं गमावलेली, मालकाकडे भरपाई मागणारी आमची अशील बाई विचारत होती, "साहेब, उद्या जजसमोर मले बोलू देसान ना?" साहेब म्हणाले, "काहून येऊन राहिली वं बाई? उद्या फक्त तारीख आहे." फोन ठेवून, पॉपकॉर्न चघळत ते मला म्हणाले, "तिचा अंगठा घेतलेला कोरा कागद आहे ना, त्यावर समझोता टाइप कर. मालकाशी माझं बोलणं झालं." मग आत जाताना म्हणाले, "काय काम केलं गा त्या हिरोनं!" सकाळी तो समझोता मीच टाइप केला, आणि आज साहेबांपेक्षा मला माझीच जास्त किळस येते. तुमची सही किंवा अंगठा असलेला कोरा कागद कुठल्या वकिलाकडे पडून असेल, तर आजच जाऊन तो परत मागा.