देवीच्या भाताचं बी

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि त्यानंतर कितीतरी दिवस गावदेवीच्या देवळासमोरून जाताना माझी मान वर होत नव्हती. किन्हवलीजवळच्या आमच्या गावात बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुड्यात बांधून आढ्याला टांगतात. मुडा दिसला की लहान मूलही ओळखतं, हे खायचं नाही. पण आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. उंदीर लागतात, कीड लागते, असं बाबांना समजावून मी मुडा सोडला आणि ते बी प्लास्टिकच्या गोणीत भरलं. खायच्या भाताच्या गोण्याही तशाच होत्या. चुलतबहिणीच्या लग्नाच्या गडबडीत मीच बियाची गोणी गिरणीवर पाठवली. संध्याकाळी गोणी उघडली तर आत लालसर तांदूळ! भरडलेला दाणा काही उगवत नाही.

बाकीच्या शेतात आम्हीही सुधारित बियाणंच लावतो. हे जुनं लाल भात मात्र एका लहानशा खाचरात फक्त देवीसाठी लावायचं. नवं पीक आलं की तिला पहिला नैवेद्य त्याचाच. गावात ते दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. बाबा माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दुकानात बाकी सगला भात मिलंल गो. देवीचा नाय मिलत." धाकटा भाऊ मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "ताई, आता तुझी डिग्री पेर. उगवली तर उगवली!"

मी मुरबाडपर्यंतच्या ओळखीच्या गावांत विचारून आले. कुठेच मिळालं नाही. आईने त्या तांदळाचं पीठ करून आणलं. "अन्न हाय, टाकाचं नाय," म्हणत ती रोज त्याच्या भाकऱ्या थापायची. माझ्या वाटची मी भावाच्या ताटात सरकवायचे.

मे महिन्यात एका भरतीच्या परीक्षेसाठी मला वसईचं केंद्र मिळालं. आईने डब्यात तीच भाकरी बांधून दिली. पेपर दुपारी सुटला. लगेच घरी जाऊन बाबांसमोर बसायचा धीर नव्हता, म्हणून मी विचारत विचारत धक्क्याकडे चालत निघाले. असं शहर मी पाहिलं नव्हतं. इमारतींची रांग संपली की लगेच केळीच्या बागा, पानवेली, मोगऱ्याचे वाफे. एका वळणावर क्रूस, पुढे मारुतीचं देऊळ, तेवढ्यात कुठूनतरी अजान. मासळी विकणाऱ्या कोळणी आणि भाजीच्या टोपल्या घेतलेल्या ख्रिस्ती बाया एकाच झाडाखाली बसून एकमेकींची थट्टा करत होत्या. आमच्याकडे पाणी म्हणजे तानसा आणि भातसाचं, धरणात अडवलेलं. इथे समुद्राला पलीकडचा काठच नव्हता. त्या पाण्यासमोर मी कितीतरी दिवसांनी देवीला हात जोडले. बी मागायला तोंड नव्हतं. म्हटलं, आई, चूक माझी आहे. माझ्याकडून आता काही होत नाही. तू बघ.

परतताना उन्हाने भोवळ आली आणि मी एका वाडीच्या कुंपणाला धरून खाली बसले. आत एक म्हातारी माठाच्या भाजीच्या वाफ्याला पाणी सोडत होती. लाल लुगडं, गळ्यात क्रूस. "गो बाय, उन्हात काय बसलीस? आत ये." पुढे कळलं, तिला सगळे सेलीनआजी म्हणतात. तिने ओट्यावर बसवून पाणी दिलं, गाव विचारलं.

"जेवलीस?"

"डबा आहे."

"मग उघड की! बघू, डोंगराकडची माणसं काय खातात."

मी लाजतच डबा पुढे केला. तिने भाकरीचा तुकडा मोडला, हुंगला, सावकाश चावला. "हा तांदूळ कुठला?" मला रडू फुटलं. गिरणीपासून सगळं सांगितलं. आजी हसायला लागली. "माझ्या सुनेने तर एकदा अर्धं बी कोंबड्यांना टाकलं होतं. तू निदान भाकरी केलीस!" मग तिने वर बोट दाखवलं. आढ्याला मुडा टांगलेला होता, बांधायची पद्धत थेट आमच्यासारखी. त्यातलं भात तिने माझ्या तळहातावर ठेवलं. तेच बारीक, काळपट टोकाचे दाणे. पावसाळा सरताना त्यांच्या चर्चमध्ये नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देतात. त्या सणाला आगेरा म्हणतात. तेवढ्यासाठी आजी जमिनीच्या एका तुकड्यात हे भात लावायची. बी सासूकडून आलेलं. सासूला कुठून मिळालं, तिला ठाऊक नव्हतं.

पदरात ओंजळभर बी घेऊन ती थांबली. "बी विकायचं नसतं, फुकट द्यायचंही नसतं. बदल्यात काहीतरी ठेव."

"माझ्याकडे धान्याचा दाणा नाही, आजी."

"ही काय," म्हणून तिने डब्यातली भाकरी उचलली.

घरी आल्यावर बाबांनी एक दाणा दाताखाली फोडला. म्हणाले, "तंच हाय." ओंजळभर बियाची रोपं फक्त खाचराच्या कोपऱ्याला पुरली, पण त्या कोपऱ्याने देवीचा नैवेद्य चुकू दिला नाही. आगेऱ्याला मी पहिल्या लोंब्या आणि नव्या तांदळाची भाकरी घेऊन वसईला गेले. आजीने माझ्या लोंब्या आपल्या टोपलीत मिसळल्या. आशीर्वाद मिळाला तेव्हा कुठल्या तिच्या आणि कुठल्या माझ्या, आम्हा दोघींनाही सांगता आलं नसतं.

ती परीक्षा मी नापास झाले. पुन्हा देईन, आणि पास होईन. पण त्या दिवशी देवीने मला वसईला कशासाठी नेलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शरण जाणं म्हणजे रिकामे हात जोडणं, असं मी समजत होते. तिने मात्र मी लपवत होते तो डबाच उघडायला लावला आणि त्यातून वाट दाखवली. यंदाचा मुडा बाबांनी मला बांधायला दिला. मी दोरी आवळत होते आणि ते शेजारी उभे राहून सांगत होते, "घट्ट बांध गो. पुढच्या वर्षाचा हाय."