दुसऱ्याची होडी

सुका बांगडा भाजल्याचा वास आला की शिरोड्याच्या मावशीकडची ती आषाढातली दुपार आठवते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आणि घरात भाड्याच्या सीडीवर सिनेमा चाललेला. त्यातल्या राजपुत्राने आपण कोण ते लपवून दुकानातल्या एका मुलीला प्रेमात पाडलं होतं. खरं कळल्यावर ती रडली, तशी मीही रडवेली झाले. मावशी चुलीवरचा बांगडा परतत म्हणाली, “माझा उलटा झाला. ह्यांनी होडी आपली आसा म्हणान सांगितल्यानी. लगीन झाल्यावर कळला, ते दुसऱ्याच्या होडयेर खलाशी.” दारात जाळं शिवत बसलेल्या काकांनी जाळ्याची पुढची गाठ मारली. जेवताना मावशीने सगळ्यात मोठा बांगडा त्यांच्या ताटात वाढला आणि हळूच म्हणाली, “म्हणान तुमका सोडून मी खंय गेलंय?” असल्या सिनेमांचा शेवट राजवाड्यात होतो, पण तिथे कोणी कोणाला असं वाढताना मी अजून पाहिलेलं नाही.