भरती कधी?

भीती वाटली की सरोज प्रश्न विचारायची. ही तिची जुनी सवय. पोलादपूरला तिला बघायला आलेल्या चिंतामणीला तिने पगार विचारला नाही, घरात माणसं किती तेही विचारलं नाही. "महाडला तुमच्या घरात पाणी कुठवर येतं?" एवढंच विचारलं. चिंतामणीने आधी स्वतःच्या गुडघ्याला हात लावला, मग जरा विचार करून कमरेला. "फार तर एवढं," तो म्हणाला. खोटं बोलला नव्हता बिचारा. लेक देवश्री पाळण्यात असताना आलेल्या पुराने त्याला खोटं पाडलं.

त्या पुरात चिंतामणी कचेरीत अडकला होता आणि सरोज तान्ह्या पोरीला घेऊन माळ्यावर बसली होती. खाली अंधारात पिठाचे डबे भिंतींवर आपटत होते. पोलादपूरला जी सावित्री तिने परकर उचलून ओलांडली होती, तीच नदी तिच्या स्वयंपाकघरात शिरली होती. समोरच्या माळ्यावरून कोणीतरी ओरडून सांगितलं, "भरती लागली हाय वहिनी, ओहोटीपर्यंत पाणी हलायचं नाय."

महाडकरांना हे सांगावं लागत नाही. वर घाटात पाऊस कोसळला आणि नेमकी त्याच वेळी खाडीला भरती असली, की पुराला बाहेर पडायला वाट राहत नाही. पाणी गावातच तुंबून बसतं. म्हणून पावसाळ्यात बाजारपेठेतली माणसं एकमेकांना कांद्याचा भाव विचारत नाहीत, "भरती कधी?" असं विचारतात. सरोजने बी.ए.ला भूगोल घेतला होता. चंद्र, आकर्षण, भरती-ओहोटी, सगळं तिने पेपरात आकृती काढून लिहिलं होतं. पण तो शब्द तिच्या अंगात शिरला तो माळ्यावरच.

पुढची वर्षं तिने पोरीला पाण्यापासून लांब ठेवलं. शाळेची सहल समुद्राकाठी जाणार असली की देवश्रीला नेमकी सर्दी व्हायची. सरोजच तशी चिठ्ठी द्यायची. पहिल्या वेळी पोर रडली, दुसऱ्या वेळी रुसली. तिसऱ्या वेळी सहलीचं तिने घरी सांगितलंच नाही.

एका रविवारी सगळी आळी सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेली होती. बाया पाय सोडून बसल्या, पोरं धुडगूस घालत होती. देवश्री काठापासून लांब, सगळ्यांच्या चपलांची राखण करत उभी होती. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. पाचवीतली ती पोर पाण्याकडे कशी बघत होती, ते सरोजने पाहिलं. ती नजर तिची स्वतःची होती.

शेजारी पाय बुडवून बसलेल्या महरुन्निसाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. ती त्यांची भिंतीला भिंत लावून शेजारीण, नवरा मुराद कुवेतला, माहेर दिघी बंदराचं.

"सरोजवहिनी, पोरीला घेऊन माझ्या माहेरी चला. दोन दिस. जंजिऱ्यावर जाऊ. आमच्या गावच्या उबेदचा मचवा हाय, शिडाची होडी."

"बेटावर?"

"नाय तर काय बाजारात? बेटावर."

नाही म्हणायला सरोजने तोंड उघडलं आणि तोंडातून आलं ते भलतंच. "भाभी, तिथे प्यायला पाणी कुठलं?"

महरुन्निसा हसली. "गोडं. दोन मोठे तलाव हायत आत."

"चहूकडे खारं आणि मधे गोडं? कसं काय?"

"ते मला काय ठावं. बी.ए. तुम्ही झालात."

इथून जी सुरुवात झाली ती जानेवारीपर्यंत चालली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, भिंतीवरून वाटी देता-घेताना सरोजचं विचारणं सुरू. बेटावर झाडं कसली? कावळे तिथेच राहतात की संध्याकाळी परत येतात? साप असतील तर ते पोहत गेले की कोणी नेले? मचव्याला कठडा असतो का? उबेदभाईंना पोहता येतं का? त्यांच्या मचव्यात याआधी लहान पोरं बसली आहेत का? गंमत अशी, की पहिले काही दिवस सगळे प्रश्न बुडण्याभोवतीच फिरत होते. मग हळूहळू त्यात बेटच शिरलं. पूर्वी आत माणसं राहायची म्हणतात, त्यांची पोरं शाळेला कशी जायची? आजारी पडलं तर? तिथे लग्न लागलं तर वरात कशी काढायची?

"माझी मावशी तिथली," महरुन्निसा म्हणाली. "वरात होडीतूनच. ढोलवाला मागच्या होडीत. त्याची होडी मागं राहिली तर नवरा मुकाट पोचायचा."

सरोज इतकी हसली की हातातली वाटी पडता पडता राहिली. आत अभ्यास करणाऱ्या देवश्रीने मान वर केली. आईला पाण्याच्या गोष्टीवर हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी जानेवारीतली एक जोडून आलेली सुट्टी ठरली. चिंतामणीला मतदारयाद्यांच्या कामातून सुटका नव्हती, पण बायकोची बांधाबांध बघायला तो आवर्जून घरी थांबला. पिशवीत मेणबत्त्या, काडेपेट्या वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, कोरडे पोहे, सुताची दोरी, बॅटरी आणि घराची कागदपत्रं.

"सहलीला चाललीस की पुराला?" त्याने विचारलं.

"असू दे. लागलं तर?"

"जंजिऱ्यावर रेशनकार्ड लागतं का गं?"

कागदपत्रं बाहेर आली. दोरी पिशवीतच राहिली.

शनिवारच्या एसटीने तिघी माणगाव, म्हसळा करत दिघीला उतरल्या तेव्हा दुपार कलली होती. आभाळ स्वच्छ होतं. महरुन्निसाच्या आईचं, आलिमाबींचं, घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. चहा झाला, नारळाच्या वड्या झाल्या. मायलेकींच्या गप्पा रंगल्या म्हणून सरोज देवश्रीला घेऊन धक्क्यावर जाऊन बसली. समोर पाण्यात बेट होतं, कोणीतरी परात उपडी घालून ठेवावी तसं. सरोज बघतच राहिली. एवढं सगळं विचारून झालं होतं, पण ते इतकं शांत दिसत असेल हे विचारायचं राहून गेलं होतं.

"आई," देवश्री म्हणाली, "मघाशी ती पायरी कोरडी होती."

सरोजने खाली पाहिलं. खरंच ती पायरी आता नव्हती. तिच्या वरची ओली झाली होती, आणि बघता बघता तीही गेली. पाऊस नाही, वारा नाही, आणि पाणी मुकाट्याने वर येत होतं. जाळी आवरणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिने विचारलं, "बाबा, पाणी का वाढतंय?"

"भरती लागली," तो मान वर न करता म्हणाला.

भूगोलाची पदवी तिथेच धक्क्यावर राहिली. सरोजने पोरीचं मनगट धरलं आणि घर गाठलं. महरुन्निसा दुकानात गेली होती, आलिमाबी आतल्या खोलीत नमाज पढत होत्या. हाक मारायची सोय नव्हती. मग सरोजने महाडची कोणतीही बाई करते तेच केलं. शिडी लावली. आधी तांदळाचा डबा माळ्यावर गेला, मग पिठाचा, मग गाद्या, मग आलिमाबींचं पानाचं तबक. देवश्री खालून एकेक वस्तू हातात देत होती, न विचारता, न चुकता. हे काम तिला पाठ होतं.

आलिमाबी नमाज आटोपून बाहेर आल्या. मोकळं स्वयंपाकघर बघून त्या उंबऱ्यावरच थांबल्या. मग त्यांनी शिडीवरच्या सरोजकडे पाहिलं.

"पोरी, घर बदलायचा इरादा हाय का गो?"

"पाणी चढतंय. भरती आहे."

"हाय की. रोजची हाय. माझं पान तेवढं खाली दे."

तेवढ्यात महरुन्निसा आली. तिने माळा पाहिला, सरोजचा चेहरा पाहिला. ती हसेल असं सरोजला वाटलं होतं, पण ती हसली नाही. महाडच्या त्या पुरात तीही आपल्या माळ्यावर होतीच. आईला ती म्हणाली, "अम्मी, आमच्याकडे भरती म्हणजे घर जातं." मग सरोजचा हात धरून तिला शिडीवरून उतरवलं. "चला. धक्क्यावर बसू. ते पाणी परत जाताना तुम्ही कधी पाह्यलंच नाय."

तिघी जाऊन बसल्या. आलिमाबी पानाचं तबक घेऊन मागून आल्या. पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं, तिथे बराच वेळ काठाशी डचमळत राहिलं. सरोज पाय जवळ ओढून बसली होती. मग ओलसर पट्टा उघडा पडला, मग त्याखालची पायरी. महाडचा पूर जातो तेव्हा घरात घोटाभर गाळ टाकून जातो, वास आठ-आठ दिवस जात नाही. इथे पायरी धुतल्यासारखी बाहेर आली.

"असं कोणी न सांगता परत जातं?" तिने विचारलं.

"दिवसातून दोनदा," आलिमाबी म्हणाल्या. "आमी त्याच्यावर घड्याळ लावतो, तुमी घर आवरता."

यावर मात्र सरोज हसली. तिच्या तोंडाकडे बघत बसलेल्या देवश्रीने हळूच एक पाय खालच्या ओल्या पायरीवर ठेवला. सरोजचा हात तिला धरायला पुढे आला होता. तो तिने मोठ्या कष्टाने मांडीवर ठेवला.

सकाळी उबेदचा मचवा धक्क्याला लागला. कठडा नव्हता. देवश्री पाण्याकडे न बघता आईकडे बघत उभी राहिली. सरोजला कळलं की आता पोरगी आपल्याच चेहऱ्यावरून ठरवणार. तिने उबेदला विचारलं, "हे शीड कशाचं हो? शिवतं कोण?" आणि तो उत्तर देत असतानाच पाय उचलून ती आत गेली. मचवा हलला. ती बसली, आणि मग तिने हात पुढे केला.

बेटावर गोड्या पाण्याचे दोन तलाव होते, हिरवे आणि गार. ते पाणी गोडं कसं, याचं उत्तर उबेदनेही दिलं नाही. "हाय तसं हाय," तो म्हणाला. सरोजला ते पुरेसं वाटलं नाही. महाडला गेल्यावर ती ते शोधणार होती. दोरी तिच्या पिशवीत तशीच होती. परतताना दिघीच्या धक्क्याला मचवा टेकला तेव्हा पायऱ्या उघड्या होत्या, अगदी तळापर्यंत. देवश्री सगळ्यांत खालच्या पायरीवर फतकल मारून बसली.

"चल, एसटी चुकेल," सरोज म्हणाली.

पोर हलली नाही. पाण्यावर नजर ठेवून तिने विचारलं, "आई, भरती कधी?"

महाडमध्ये सगळ्या आळीच्या तोंडून ऐकलेला प्रश्न. पण इतक्या आतुरतेने विचारलेला सरोजने तो कधी ऐकला नव्हता. तिने पिशवी खाली ठेवली आणि ती जाळी आवरणाऱ्या म्हाताऱ्याला विचारायला गेली.